प्रिंटर एक, उपयोग सर्व घराला

मुदत ठेवीवरील व्याजाचे प्रमाणपत्र बँकेकडून ई-मेलने आलेले असते. मोबाइलवर ते दिसतही असते. परंतु करसल्लागाराकडे अथवा एखाद्या कार्यालयात ते कागदावरच सादर करावयाचे असते. घरात प्रिंटर आहे, पण तो मुलाच्या संगणकाला वायरने जोडलेला. मुलगा कामावर गेलेला आणि संगणक पासवर्डने बंद. मग ती फाइल कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठविली जाते. ती उघडत नाही, म्हणून पाठोपाठ तिचा पासवर्डही पाठविला जातो. दोन मिनिटांत कागद हाती पडतो, दुकानदाराला त्याचे पैसे दिले जातात आणि काम झाले असे वाटते.

परंतु ती फाइल आणि तिचा पासवर्ड हे दोन्ही दुकानातच राहिलेले असतात. दुकानदार प्रामाणिक असतो, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्याचा संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो, त्यात अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात आणि दिवसाअखेरीस तेथील फाइली पुसल्या जातातच असे नाही. खातेउताऱ्यावर ग्राहकाचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, शिल्लक, निवृत्तिवेतन जमा होण्याची तारीख अशी सारी माहिती असते. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून दूरध्वनी करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते. शिवाय अनेक बँकांच्या उताऱ्यांचा पासवर्ड ग्राहकाच्या नावातील अक्षरे, जन्मतारीख किंवा ग्राहक क्रमांक यांवरून ठरतो. म्हणजे एका उताऱ्याचा पासवर्ड सांगणे म्हणजे पुढील सर्व उताऱ्यांची किल्ली देणे होय.

घरातील प्रिंटर घरातील प्रत्येकाला वापरता आला, तर हा प्रसंग उद्भवतच नाही. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. थोडी पूर्वतयारी, अर्ध्या-पाऊण तासाची सवड आणि काही मूलभूत गोष्टींची समज एवढे भांडवल पुरेसे आहे.

सामायिक वापर म्हणजे काय?

बँकेच्या शाखेतील आवक-जावक विभाग डोळ्यांपुढे आणावा. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तेथे येतो आणि ज्या टेबलाचा असेल त्या टेबलाकडे पाठविला जातो. घरातील वायफाय राउटर हेच काम करतो. घरातील प्रत्येक संगणकाला, मोबाइलला आणि प्रिंटरला तो एकेक क्रमांक देतो. यालाच आयपी पत्ता म्हणतात. घरगुती जाळ्यात हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.२५ अशा स्वरूपाचा असतो. संगणकाने छपाईचा आदेश दिला की राउटर तो प्रिंटरच्या पत्त्यावर पोहोचवितो. एकाच वेळी दोघांनी आदेश दिले तर ते एका प्रतीक्षायादीत लागतात आणि क्रमाने छापले जातात.

प्रिंटर सर्वांना उपलब्ध करून देण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गात प्रिंटर स्वतःच राउटरला जोडला जातो, वायफायने किंवा नेटवर्कच्या वायरने. दुसऱ्या मार्गात प्रिंटर यूएसबी वायरने एका संगणकाला जोडलेला राहतो आणि तो संगणक इतरांना त्याचा वापर करू देतो. दुसऱ्या मार्गात तो संगणक चालू असणे अनिवार्य ठरते. वरील उदाहरणात अडचण झाली ती नेमकी याच कारणाने. म्हणून प्रिंटरमध्ये वायफायची सोय असेल, तर पहिलाच मार्ग स्वीकारावा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या पुस्तिकांत आणि लेखांत विंडोजमधील ‘होमग्रुप’ ही सुविधा सुचविलेली आढळते. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलेली ही सुविधा २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. त्याचप्रमाणे ‘गुगल क्लाउड प्रिंट’ ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. या दोहोंच्या आधारे दिलेले मार्गदर्शन आता उपयोगाचे नाही.

जोडणीपूर्वीची तयारी

प्रथम प्रिंटरची जागा ठरवावी. राउटरपासून तो फार दूर अथवा दोन-तीन भिंतींच्या पलीकडे नसावा. लोखंडी कपाटाच्या मागे ठेवल्यास वायफायचा संकेत क्षीण होतो. कोकणात व किनारपट्टीवर पावसाळ्यात कागद दमट होऊन प्रिंटरमध्ये अडकतो. म्हणून उरलेला कागद पिशवीत बंद करून ठेवणे श्रेयस्कर. लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर बराच विद्युतप्रवाह खेचतो, त्यामुळे तो घरगुती यूपीएसवर किंवा लहान इन्व्हर्टरवर जोडू नये. शाईचा प्रिंटर असेल, तर आठवड्यातून एखादे रंगीत पान छापीत जावे. शाई वाळून छिद्रे बुजत नाहीत.

त्यानंतर घरातील वायफायचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून जवळ ठेवावा. याच टप्प्यावर तीन गोष्टी तपासल्या, तर पुढील बराच मनस्ताप वाचतो.

पहिली गोष्ट वायफायच्या लहरींची. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. अनेक घरगुती प्रिंटर मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झचा संकेत ओळखतात. प्रिंटरच्या यादीत घरचे वायफाय दिसत नसेल, तर राउटरमधील २.४ चा पट्टा सुरू आहे ना, हे पाहावे. प्रिंटर २.४ वर आणि लॅपटॉप ५ वर असला तरी बिघडत नाही. राउटर एकच असल्याने दोघे एकाच जाळ्यात असतात.

दुसरी गोष्ट दोन राउटरची. फायबर इंटरनेट घेतलेल्या कित्येक घरांत सेवा पुरवठादाराचा एक डबा वायफाय देत असतो आणि त्यापुढे घरमालकाने विकत घेतलेला दुसरा राउटरही वायफाय देत असतो. अशा वेळी एका घरात दोन निरनिराळी जाळी तयार होऊ शकतात. प्रिंटर एकात आणि मोबाइल दुसऱ्यात असेल, तर ते परस्परांना दिसत नाहीत. सर्व उपकरणे एकाच वायफायवर घ्यावीत.

तिसरी गोष्ट पाहुण्यांच्या वायफायची. राउटरमधील ‘गेस्ट नेटवर्क’ जाणीवपूर्वक वेगळे ठेवलेले असते. त्यावरील उपकरणांना घरातील इतर उपकरणे दिसू नयेत हाच त्याचा हेतू आहे. प्रिंटर त्यावर जोडू नये.

प्रत्यक्ष जोडणी

प्रिंटरवर लहानसा पडदा असेल, तर काम सोपे आहे. सेटिंग्जमधील ‘नेटवर्क’ किंवा ‘वायरलेस’ या विभागात जाऊन ‘वायरलेस सेटअप विझार्ड’ निवडावा, यादीतून घरच्या वायफायचे नाव निवडावे आणि पासवर्ड भरावा. पासवर्डमधील लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी भरावीत.

पडदा नसलेल्या प्रिंटरसाठी दोन पर्याय असतात. एक म्हणजे उत्पादक कंपनीचे मोबाइल ॲप. नवा प्रिंटर सुरू केल्यावर काही काळ तो स्वतःच एक तात्पुरते वायफाय प्रसारित करतो. ॲप त्याद्वारे प्रिंटरशी संपर्क साधते आणि घरच्या वायफायची माहिती त्याला देते. हा काळ संपून गेला असेल, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वायफायचे बटण काही सेकंद दाबून धरल्यास तो पुन्हा सुरू होतो. ॲप केवळ प्ले स्टोअर अथवा ॲप स्टोअरवरून आणि उत्पादकाचे नाव पाहूनच घ्यावे.

दुसरा पर्याय ‘डब्ल्यूपीएस’ बटणाचा. राउटरवरील हे बटण दाबल्यानंतर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरील बटण दाबावे. पासवर्ड न भरता जोडणी होते. मात्र डब्ल्यूपीएसच्या आठ आकडी पिन पद्धतीतील त्रुटी २०११ मध्येच उघड झाली आहे. त्यामुळे जोडणी झाल्यावर राउटरमधील डब्ल्यूपीएस बंद करून ठेवणे इष्ट.

जोडणी झाल्याची खात्री करण्यासाठी प्रिंटरवरून ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’चे पान छापावे. त्यावर वायफायचे नाव आणि प्रिंटरचा आयपी पत्ता दिलेला असतो. हे पान फाइलमध्ये जपून ठेवावे. पुढे अडचण आल्यास पहिला आधार याच पानाचा असतो.

संगणकावर आणि मोबाइलवर

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यानंतर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि पुढे ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या क्रमाने जावे. ‘ॲड डिव्हाइस’ म्हटल्यावर जाळ्यातील प्रिंटरचे नाव दिसते, ते निवडावे. नाव दिसले नाही, तर हातानेच भरण्याचा पर्याय निवडून छापलेल्या पानावरील आयपी पत्ता द्यावा. मॅक संगणकावर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ येथे हेच काम होते. घरातील प्रत्येक संगणकावर ही कृती एकदाच करावयाची असते.

मोबाइलसाठी आता सहसा वेगळी तजवीज करावी लागत नाही. अॅपलने २०१० मध्ये ‘एअरप्रिंट’ ही पद्धत आणली. तिला अनुरूप असलेला प्रिंटर आयफोनला आपोआप दिसतो. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या कंपन्यांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन ‘मोप्रिया’ ही संघटना स्थापन केली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रिंटरना समान भाषा मिळाली. २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून मोबाइलमध्येच छपाईची सोय अंतर्भूत आहे. फाइल उघडून मेनूमधील ‘प्रिंट’ निवडावे आणि प्रिंटरचे नाव निवडावे, एवढेच काम उरते. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर या दोन नावांचा उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे.

मोबाइल त्या क्षणी घरच्या वायफायवर असला पाहिजे. तो मोबाइल डेटावर असेल, तर प्रिंटर शेजारी असूनही दिसणार नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत अडचणीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पासवर्ड असलेला खातेउतारा छापण्यासाठी तो प्रथम पासवर्ड देऊन उघडावा आणि मगच ‘प्रिंट’ निवडावे. त्यासाठी पासवर्ड काढून टाकणाऱ्या संकेतस्थळांचा आधार घेऊ नये. तेथे फाइल आणि पासवर्ड दोन्ही परक्या संगणकावर जातात. झेरॉक्सच्या दुकानातील धोका मग घरबसल्या ओढवून घेतल्यासारखे होते.

जुना यूएसबी प्रिंटर असेल तर

कित्येक घरांत जुना, पण उत्तम चालणारा यूएसबी प्रिंटर असतो. वायफाय नाही म्हणून तो टाकून देण्याचे कारण नाही. काही राउटरना यूएसबीचे छिद्र असते आणि त्यात प्रिंट सर्व्हरची सोय असते. राउटरच्या पुस्तिकेत तसा उल्लेख असल्यास तो मार्ग आधी अजमावून पाहावा. ती सोय नसेल, तर संगणकामार्फत सामायिक वापर करता येतो.

त्यासाठी ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे, त्यावर घरचे वायफाय ‘प्रायव्हेट’ या प्रकारात नोंदलेले असावे. विंडोज ११ नवे वायफाय ‘पब्लिक’ या प्रकारात धरते आणि त्यात सामायिक वापर बंद असतो. हा बदल केल्यावर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. मग प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या पानावर ‘शेअर धिस प्रिंटर’ येथे खूण करावी आणि एखादे छोटे, सलग नाव द्यावे. इतर संगणकांवरून प्रिंटर जोडताना हे नाव दिसते. मोबाइलला असा प्रिंटर सहसा दिसत नाही, ही या मार्गाची मर्यादा आहे.

मूळ संगणकाचा पासवर्ड सर्वांना देण्याऐवजी छपाईसाठी त्यावर एक वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडावे. ‘पब्लिक’चे ‘प्रायव्हेट’ करणे हे केवळ घरच्या वायफायपुरतेच असावे. तोच लॅपटॉप रेल्वे स्थानकावर, उपाहारगृहात अथवा विमानतळावर वापरताना तेथील वायफाय ‘पब्लिक’च ठेवावे.

२०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखली जाणारी गंभीर त्रुटी उघडकीस आली. ती दूर करण्यासाठी आलेल्या सुधारणांनी सामायिक प्रिंटरचे नियम कडक केले. त्यामुळे एक संगणक अद्ययावत आणि दुसरा जुना असल्यास जोडणी नाकारली जाते. अशा वेळी सुरक्षेची तरतूदच काढून टाकण्याच्या युक्त्या सुचविल्या जातात. त्या करू नयेत. दोन्ही संगणक अद्ययावत करणे हाच योग्य उपाय होय. विंडोज १० चा सर्वसाधारण सहाय्यकाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

‘प्रिंटर ऑफलाइन’ असे आले तर

सर्व काही सुरळीत चालू असताना एके दिवशी ‘प्रिंटर ऑफलाइन’ असा संदेश येतो. याचे नेहमीचे कारण असे : राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो, तो ठरावीक मुदतीपुरता. वीज जाऊन आल्यावर किंवा राउटर बंद-चालू केल्यावर प्रिंटरला दुसरा पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर आदेश पाठवीत राहतो. भाडेकरूने घर बदलले आणि टपाल जुन्या पत्त्यावर जात राहिले, अशातला हा प्रकार आहे.

यावर कायमचा उपाय आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशी सोय असते. तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कच्या पानावर छापलेली बारा अक्षर-अंकांची ओळख, आणि त्याला द्यावयाचा आयपी पत्ता नोंदवावा. त्यानंतर राउटर तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवतो.

हे केले नसेल, तर क्रमाने तपासणी करावी. प्रिंटर झोपेच्या अवस्थेत असल्यास बटण दाबून जागा करावा. नेटवर्कचे पान पुन्हा छापून पत्ता बदलला आहे का, ते पाहावे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू असेल, तर घरचा प्रिंटर बहुधा दिसत नाही. शेवटी प्रथम राउटर, मग प्रिंटर आणि नंतर संगणक या क्रमाने बंद करून पुन्हा सुरू करावेत.

एक बाब मात्र विसरू नये. ऑफलाइन असताना दिलेले आदेश प्रतीक्षायादीत साठून राहतात आणि प्रिंटर जागा होताच छापले जातात. दुपारी छापावयाचा खातेउतारा रात्री, घरात पाहुणे असताना ट्रेमध्ये येऊन पडतो. म्हणून काम सोडून देताना यादीतील आदेश रद्द करावेत.

प्रिंटरलाही कुलूप हवे

सामायिक प्रिंटर हा स्वतःच एक लहानसा संगणक असतो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता भरला की त्याचे व्यवस्थापनाचे पान उघडते. काही प्रिंटरमध्ये त्यावर पासवर्डच नसतो, काहींत कारखान्यातून आलेला सर्वज्ञात पासवर्ड असतो. तेथे स्वतःचा पासवर्ड ठेवावा. हे पान उघडताना ब्राउझर कधी कधी ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. स्वतःच्या घरातील प्रिंटरचा पत्ता स्वतः भरलेला असताना त्यात घाबरण्याचे कारण नसते. परंतु बँकेच्या संकेतस्थळावर असा इशारा दिसला, तर पुढे जाऊ नये. या दोन प्रसंगांतील फरक घरातील प्रत्येकाला समजावून द्यावा.

घराबाहेरूनही छपाई करता यावी म्हणून काही जण राउटरमध्ये प्रिंटरसाठी इंटरनेटवरून थेट वाट उघडून देतात. याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. हे कटाक्षाने टाळावे. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस एका व्यक्तीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या जगभरातील प्रिंटरवर एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराची पाने परस्पर छापली. त्यांची संख्या सुमारे ५०,००० असल्याचे त्याने सांगितले होते. त्या प्रकारात केवळ कागद वाया गेला. पण ज्या वाटेने अनाहूत पान आत येऊ शकते, त्या वाटेने आणखीही काही येऊ शकते.

राउटरच्या वायफायवर डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये जाहीर झालेले डब्ल्यूपीए३ संरक्षण असावे. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत चालू असेल, तर ती तत्काळ बदलावी. शेजाऱ्यांना अथवा पाहुण्यांना मुख्य वायफायचा पासवर्ड दिला, म्हणजे प्रिंटरची किल्लीही दिली. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क आहेच. प्रिंटरचे फर्मवेअर, म्हणजे त्यातील मूळ कार्यप्रणाली, उत्पादकाच्या ॲपमधून वेळोवेळी अद्ययावत करावे.

प्रिंटर विकताना, भेट देताना किंवा जुन्याच्या बदल्यात नवा घेताना त्यातील ‘फॅक्टरी रिसेट’ अवश्य करावे. घरच्या वायफायचा पासवर्ड त्यात साठविलेला असतो; स्कॅन केलेला कागद थेट ई-मेलने पाठविण्याची सोय वापरली असेल, तर ई-मेलचा पासवर्डही असतो. काचेखाली राहून गेलेले मूळ कागदही पाहून घ्यावेत. आधार कार्डाची छापील प्रत द्यावयाची असेल आणि चालत असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ छापणे अधिक सुरक्षित ठरते.

मदतीच्या नावाखाली होणारी फसवणूक

या विषयात ग्राहकाच्या पैशाला सर्वांत मोठा धोका प्रिंटरमुळे नाही, तर प्रिंटर चालत नसताना शोधलेल्या मदतीमुळे संभवतो. जोडणी होत नाही म्हणून कंटाळलेली व्यक्ती इंटरनेटवर उत्पादक कंपनीचा मदत क्रमांक शोधते. शोधात वर आलेले संकेतस्थळ मूळ कंपनीसारखेच दिसते, पण ते बनावट असू शकते. कधी तेथे ड्रायव्हर उतरविण्याचे बटण असते. ते दाबले की काही टक्के काम होऊन ‘त्रुटी आली, या क्रमांकावर संपर्क साधा’ असा संदेश येतो.

दूरध्वनीवरील व्यक्ती अतिशय नम्र असते. ती संगणक किंवा मोबाइल दुरून पाहता येईल असे ॲप घेण्यास सांगते. मग ‘नोंदणीसाठी’ अगदी किरकोळ रक्कम भरावयास सांगते. रक्कम किरकोळ असते, कारण लक्ष्य ती रक्कम नसतेच. ती भरताना पडद्यावर दिसणारा पासवर्ड, कार्डाचा तपशील आणि ओटीपी हे खरे लक्ष्य असते. पडदा दुसऱ्याला दिसत असताना केलेला कोणताही बँक व्यवहार म्हणजे तिजोरी उघडताना अनोळखी माणसाला शेजारी उभे करण्यासारखे आहे.

म्हणून मदत क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरून, पुस्तिकेवरून किंवा खरेदीच्या पावतीवरूनच घ्यावा. ड्रायव्हर उत्पादकाच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि ते संकेतस्थळ शोधून उघडण्याऐवजी पुस्तिकेत पाहून पत्ता स्वतः भरावा. प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी ओटीपी, पिन अथवा नेट बँकिंगचा पासवर्ड कधीही लागत नाही.

तरीही फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर संकोच बाजूस ठेवून प्रथम इंटरनेट बंद करावे. त्यानंतर आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. पैसे पुढील खात्यांतून काढून घेतले जाण्यापूर्वी ते थांबविण्याची संधी लवकर कळविण्यावरच अवलंबून असते. घरातील ज्येष्ठांना रागे भरू नये. रागाच्या भीतीने ते गप्प राहिले, तर हाती असलेली मोलाची वेळ निघून जाते.

कार्यालयीन कागदपत्रांविषयी

घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक पथ्य आहे. घरचा प्रिंटर सोयीचा असला, तरी ग्राहकांचे अर्ज, कर्जप्रकरणे, याद्या अशी कार्यालयीन कागदपत्रे परवानगीवाचून त्यावर छापू नयेत. कार्यालयाच्या लॅपटॉपवर घरचा प्रिंटर जोडण्यापूर्वी आपल्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे नियम पाहावेत. ज्या ट्रेमध्ये मुलांचा गृहपाठ छापला जातो, तेथे एखाद्या ग्राहकाचा खातेउतारा पडून राहणे हे बँकेच्या विश्वासाला शोभणारे नाही.

थोडक्यात लक्षात ठेवावे असे

१. वायफाय असलेला प्रिंटर थेट राउटरला जोडावा. सर्व उपकरणे एकाच वायफायवर असावीत.
२. नेटवर्कचे पान छापून जपावे आणि प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा.
३. प्रिंटरच्या व्यवस्थापन पानाला स्वतःचा पासवर्ड द्यावा. इंटरनेटवरून थेट वाट उघडू नये.
४. अपूर्ण राहिलेले छपाईचे आदेश रद्द करावेत. ट्रेमधील कागद लगेच उचलावेत.
५. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्यावे.
६. मदत क्रमांक पुस्तिकेतूनच घ्यावा. पडदा दुसऱ्याला दिसत असताना बँक व्यवहार करू नये.
७. प्रिंटर घराबाहेर जाताना फॅक्टरी रिसेट करावे.

पूर्वी घरातील महत्त्वाचे कागद एका पेटीत असत आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे साऱ्या घराला ठाऊक असे. आज ते कागद ई-मेलमध्ये आणि मोबाइलमध्ये आहेत. गरज पडेल तेव्हाच ते कागदावर उतरतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातील जाणत्या मुलाने किंवा मुलीने आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यांच्याच मोबाइलवरून एक पान छापून दाखवावे आणि दुसरे त्यांच्याकडून छापून घ्यावे. पुढच्या वेळी व्याजाचे प्रमाणपत्र हवे असेल, तेव्हा ते घरच्याच ट्रेमधून त्यांच्या हाती येईल आणि त्याचा पासवर्ड घराबाहेर जाणार नाही.